चमकीचा ठिपका

लोकांना वाटतं, ठिपक्यांची चित्रं म्हणजे सोपं काम. शेजारच्या गेणभाऊंनी एकदा माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं होतं, "पोरी, हे तर रुमालावरचं भरतकाम दिसतंय. ह्याचं पैसं देतं व्हय कुनी?" मी म्हटलं, देतात की. त्यांनी आईकडे दयेनं पाहिलं, चहा प्यायला आणि निघून गेले.

मी वृषाली. मोबाइलवरच्या गेमसाठी पिक्सल चित्रं काढते. आळे गावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझं टेबल आहे. खिडकीखाली कांद्याची चाळ, चाळीपलीकडे चिंच. उन्हाळ्यात खोलीत कांद्याचा वास असा भरतो की मी काढलेल्या माणसांनाही तो येत असणार, असं माझा धाकटा भाऊ सुदर्शन म्हणतो. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. आई, तो आणि मी.

माझी माणसं सोळा ठिपके रुंद आणि चोवीस ठिपके उंच असतात. तेवढ्यात नाक मावत नाही, बोटं मावत नाहीत. डोळा म्हणजे एक काळा ठिपका. काय काढायचं हे कुणालाही कळतं, काय गाळायचं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. शिवाय एक लबाडी आहे, ती या धंद्यात सगळेच करतात. माणूस उजवीकडे चालताना तेवढा काढायचा. तो डावीकडे वळला की तेच चित्र आरशातल्यासारखं उलटवायचं. निम्मं काम वाचतं. उजव्या हातातली काठी वळल्याबरोबर डाव्या हातात जाते, पण खेळणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. निदान माझ्याकडे तरी कुणी कधी तक्रार केली नव्हती.

सुदर्शन पुण्यातली नोकरी सोडून घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी स्वतःचा गेम करायचं ठरवलं. नाव 'राई'. एक गाव, गावाबाहेर देवराई. खेळणाऱ्यानं निवांत हिंडायचं, पानं वेचायची, आपलं अंगण सजवायचं. मारामारी नाही, पळापळ नाही. चित्रं माझी, कोड आणि किमती त्याच्या. नोकरीत त्याचं कामच ते होतं. मोठी किंमत लिहून खोडायची आणि खाली लहान लिहायची. आधी रुपये घेऊन रंगीत बिया विकायच्या आणि वस्तूंची किंमत बियांत लावायची, म्हणजे आपण किती उडवले ते माणसाला कळत नाही. आणि एखादी वस्तू मुद्दाम एवढी महाग ठेवायची की बाकीच्या स्वस्त वाटाव्यात.

"ती महागडी कुणी घेत नसतं, ताई," तो म्हणायचा. "ती नुसती उभी करायची असते."

मी त्याला शेठ म्हणून चिडवायचे. पण घर चालवायला काय लागतं हे मलाही माहीत होतं, म्हणून चिडवण्यापलीकडे कधी गेले नाही.

देवराई मला डोळ्यांनी बघूनच काढायची होती. भातं कापून झाल्यावर आम्ही गाडी काढून डोंगरातल्या आहुप्याला गेलो. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण, मग पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत वर. तिथल्या सोनीबाईंना आई ओळखते. त्या हिरडा घेऊन बाजाराला उतरतात, आणि आईला वर्षानुवर्षं कोरडा खोकला आहे. हिरड्याचा तुकडा गालात धरल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही.

सोनीबाईंनी आम्हाला राईच्या तोंडाशी थांबवलं.

"काय न्यायचं हाय?"

"काही नाही, मावशी. नुसते फोटो."

"म्हंजी न्यायचंच की."

राईतलं वाळकं पानसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय बाहेर नेत नाहीत, हे मी ऐकून होते. त्यांनी तांदळाचे दोन दाणे ओले केले, शेंदूर लावलेल्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. उजवा पडला तर हो. डावा पडला तर नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. बाहेर लख्ख ऊन होतं, पण झाडांखाली ते पोचत नव्हतं. पायाखालचा पाचोळा ओला होता आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली वर कुठंतरी अंधारात शिरल्या होत्या. दाणे जागचे हलले नाहीत.

"कवाकवा येळ लावतो," सोनीबाई म्हणाल्या. "आज ऱ्हावा. उद्याच्याला बघू."

सुदर्शनला उजेड आहे तोवर फोटो हवे होते. "पण मावशी, तो नाही म्हटलाय का?"

"व्हय बी म्हनला न्हाई, भाऊ."

"मग हरकत नाही असं धरू."

त्याच्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे होकार. परवानगीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवायची, नको असेल त्यानं ती काढायची. मला हसू आलं आणि मी फोन बाहेर काढला. सोनीबाई आमच्याबरोबर आत आल्या नाहीत. आम्ही परत आलो तेव्हाही त्या पाषाणाकडे बघत उभ्या होत्या, आणि दाणे जिथल्या तिथं होते.

हिवाळाभर मी चित्रं काढली. राई आहुप्याची, गाव मात्र आमचंच. खिडकीतून दिसणारी चिंच मी जशीच्या तशी घेतली. पानांचे झुबके आठ, वाऱ्यानं एक ठिपका इकडे, एक ठिपका तिकडे. आमच्या बंड्याला घेतलं. हा म्हटलं तर गल्लीचा कुत्रा, पण जेवायला आमच्याच दारात. कधीतरी भांडणात त्याचा डावा कान फाटलाय. तो कान काढताना मी जीव लावला, आणि उलटवताना मात्र बाकीच्यांसारखाच उलटवला.

गेममधलं दुकान चालवायला एक आजी हवी होती. आई दारापुढच्या ओट्यावर हुलगे निवडत बसली होती. मी तिलाच काढलं. हिरवं लुगडं, पांढऱ्या केसांची एक रेघ, आणि डाव्या नाकपुडीतल्या चमकीसाठी एकच पिवळाधमक ठिपका. त्या ठिपक्यानं आई आई दिसायला लागली. श्वास म्हणून खांदे एक ठिपका वर, एक ठिपका खाली. तिच्या तोंडी तीनच वाक्यं घातली, कुठल्याही गावच्या माणसाला कळतील अशी. ‘ये बाळा, काय हवंय तुला?’ ‘आज छान ऊन पडलंय.’ ‘पुन्हा ये हं.’

आईनं ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "आगं, मी आसं कवा बोलते? मी म्हनल, काय घ्यायचं ते घे आन् व्हय बाजूला."

"पुस्तकी बोललीस तर काय बिघडतं?"

"आन् माजा खोकला कुटंय?"

"गाळला."

"ते बेस केलंस," आई म्हणाली, आणि खोकली.

गेम बाजारात आला आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. फुकट खेळणारे थोडे आले, हिंडले, निघून गेले. तेव्हा सुदर्शननं नवी टूम काढली. गावात जे जे दिसतं ते विकत घ्या आणि आपल्या अंगणात न्या. चिंच, विहीर, कुत्रा, काय हवं ते. दुकानातली आजीसुद्धा. तिची तीनशे नव्व्याण्णव किंमत लिहून खोडली होती आणि खाली एकशे एकोणपन्नास.

मला ते आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर म्हटलं. त्यानं फोन आईसमोर धरला. आई बराच वेळ बघत राहिली.

"एवढीच व्हय माजी किंमत? आन् ती बी खोडल्याली?"

मग ती हसली, हसता हसता खोकली, आणि विषय तिथंच मिटला.

पहिली विकली गेली ती चिंच. सुदर्शन पळत वर आला. त्याच्या यादीत गिऱ्हाईक कुठल्या भागातलं आहे ते दिसतं. या एकापुढे ती जागा कोरी होती. काहीतरी तांत्रिक असेल म्हणाला. पैसे मात्र जमा झाले होते, त्यामुळे त्यानं फार डोकं लावलं नाही.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, संध्याकाळी खिडकीतून गलका येत नाही. चिंचेत साळुंक्यांची वस्ती होती. दिवे लागायच्या सुमारास त्या एवढं भांडायच्या की मला हेडफोन घालावा लागायचा. आता एकही नव्हती. झाड हिरवं होतं, उभं होतं, वाऱ्यानं हलत होतं. जरासं इकडे, जरासं तिकडे, आणि पुन्हा जरासं इकडे. ऊन वाढलंय, पाखरं पाण्याकडे गेली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. चित्रात मी पाखरं काढली नव्हती ही गोष्ट आठवली, पण तिचा इथं काय संबंध, म्हणून सोडून दिली.

मग बंड्या विकला गेला. गिऱ्हाईक तेच, कोऱ्या जागेचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी चहा घेत होते. बंड्या रस्त्यानं फाट्याकडे चालला होता. फाटका कान माझ्या बाजूला. तो कोपऱ्यावर वळला आणि त्याच रस्त्यानं परत आला. फाटका कान तरीही माझ्याच बाजूला.

मी कप खाली ठेवला. येताना तो कान पलीकडे जायला हवा होता.

तो पुन्हा गेला, पुन्हा आला. माझ्याकडचा कान फाटका, पलीकडचा अख्खा. मी खाली जाऊन भाकरीचा तुकडा टाकला, हाक मारली. त्यानं पाहिलं नाही. तो भुंकतही नव्हता. भुंकण्याचा आवाज आम्ही गेममध्ये घातलाच नव्हता. हे मला दारात उभं असताना आठवलं.

त्याच दुपारी सोनीबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नाही, त्यामुळे दम लागलेला होता.

"ताई, तुमचं कुत्रं हिकडं आलंय का वो? मागं फोटू दावला व्हता ना तुमी मला. कान फाटका. राईच्या कडंला बसलंय. हाक मारली का शेपूट हालवतंय, पर भाईर येईना."

बंड्या माझ्यासमोर रस्त्यावरून जात होता.

"आन् आजून येक," सोनीबाई म्हणाल्या. "आमच्या हिकडच्या पावसात चिंच येत न्हाई. पर राईत चिंच उबी ऱ्हायलीया. ही मोठी. साळुंक्यांनी नुसती भरलीया."

मी धावत सुदर्शनकडे गेले. आईचं नाव यादीतून काढ म्हटलं. आत्ताच्या आत्ता. कारण सांगितलं तेव्हा तो उठून रस्त्यावर जाऊन बंड्याकडे बघून आला. परत आल्यावर तो हसला नाही.

"काढायचं तर गेम नव्यानं मंजुरीला पाठवावा लागेल," तो म्हणाला. "त्याला दिवस लागतात. पण किंमत लगेच बदलता येते."

त्यानं आईची किंमत वर नेली. लावता येते तेवढी सगळ्यात वरची. पाच आकडी झाली. "आता कुणी वेडासुद्धा घेणार नाही. आता ती नुसती उभी."

हे त्याचं रोजचं काम होतं, त्यात तो कधी चुकत नसे. माझा जीव थोडा खाली पडला.

सकाळी आम्ही आहुप्याला निघालो तेव्हा आई ओट्यापर्यंत आली. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. ती दोनदा खोकली, घसा खाकरला आणि म्हणाली, "वृषे, येताना सोनीकडनं हिरडा आन गं. इसरू नगंस."

मी हो म्हटलं.

राईपाशी पोचलो तेव्हा साळुंक्यांचा गलका लांबूनच ऐकू आला. आमच्या खिडकीतला गलका. चिंच बाकीच्या झाडांत दाटीवाटीनं उभी होती. तिच्या खोडावर लहानपणी सुदर्शननं विळ्यानं केलेली खूणही होती. ती मी चित्रात घेतली नव्हती. खाली बंड्या बसलेला. मला पाहून त्यानं शेपूट आपटलं, एकदा भुंकला, उठून पाषाणाच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्याचा डावा कान फाटका होता. तो वळून परत गेला तेव्हाही डावाच.

"मावशी, कौल लावा," मी म्हटलं. "परत द्या म्हणावं. चुकलं आमचं."

सोनीबाईंना ते करायचं नव्हतं, हे दिसत होतं. तरी त्यांनी दाणे ओले केले, चिकटवले.

या वेळी वाट बघावी लागली नाही. दोन्ही दाणे एकदम पडले.

सोनीबाईंनी पदर तोंडावर घेतला. "आसं कवा झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "जावा तुमी. घरी जावा."

आणि आतून कुणीतरी खोकलं.

दोनदा, कोरडं. मग घसा खाकरण्याचा आवाज.

मी आत धावले. मागून सुदर्शन ओरडत होता, कुणी गुराखी असेल, ताई थांब. खोकला माझ्या थोडा पुढेच राहिला. मी वळले की तो वळायचा, थांबले की थांबायचा. वेलींमधून हिरवं काहीतरी दिसलं, पण तिथं सगळंच हिरवं होतं. मी आईला हाक मारली. उत्तरादाखल खोकला आला, आणि तो माझी हाक ऐकूनच आलेला होता, एवढं मला नक्की कळलं. सुदर्शननं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

डिंभ्याशी रेंज आली. त्याचा फोन वाजला. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्क्रीनकडे बघत राहिला.

"घेतली," तो म्हणाला. "पूर्ण किमतीला."

मी घरी फोन लावला. आईनं लगेच उचलला.

"ये बाळा," ती म्हणाली, "काय हवंय तुला?"

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. हिरवं लुगडं. खांदे जरासे वर, जरासे खाली. मी तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा चमकी उजव्या नाकपुडीत होती. मी उठून डाव्या अंगाला गेले. तिनं मान वळवली. चमकी डाव्या नाकपुडीत.

"आज छान ऊन पडलंय," ती म्हणाली.

बाहेर ढग होते.

सुदर्शननं पैसे परत करायचा प्रयत्न केला. परत करायला घेणारा लागतो, तिथं कोरी जागा होती. गेम बाजारातून काढून टाकायचं धाडस मात्र आम्हा दोघांचंही झालं नाही. काढला आणि ही ओट्यावरचीही गेली तर? गेणभाऊ येऊन आईकडे बघत म्हणाले, प्रयागबाईंचा खोकला गेला की राव, चांगला गुण आला, कुठल्या डॉक्टरचा? आई त्यांना म्हणाली, पुन्हा ये हं. ते जरा दचकले, आणि त्यानंतर चहाला आले नाहीत.

ती जेवायची नाही, पण वाळायचीही नाही. झोपायची नाही. मी तिच्यापाशी बसून रडायचे तेव्हा ती प्रेमानं बघायची, कारण ते डोळे मीच तसे काढले होते.

मला एकच काम येतं, ते मी केलं. आईला पुन्हा काढायला बसले. या वेळी काही उलटवलं नाही. डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी, दोन्हींत चमकी डाव्याच नाकपुडीत. नवं चित्र गेममध्ये गेलं, मंजूर झालं, आणि त्या सकाळी ओट्यावर आईची चमकी जागेवर राहिली. मी अंगणभर फिरून, सगळ्या बाजूंनी पाहिलं. सुदर्शनला घट्ट मिठी मारली.

मग मी खोकला घातला. दोनदा कोरडा, मग घसा खाकरणं. जुन्या व्हिडिओंतून आवाज काढून नीट जुळवला. आई खोकली तेव्हा सुदर्शन स्वयंपाकघरात होता. हातातलं टाकून तो बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. थोड्या वेळानं ती पुन्हा खोकली. तशीच. दोनदा, मग घसा. आणि पुन्हा तशीच.

आता हाक राहिली होती. गेल्या दिवाळीचा एक व्हिडिओ सापडला. त्यात आई स्वयंपाकघरातून मला बोलावते, ‘वृषे’. तेवढा तुकडा कापला. हाकेच्या शेवटी मागे कुकरची शिट्टी आहे; ती काढली तर आवाजच चिरतो, म्हणून राहू दिली. फाइल तयार करून सुदर्शनकडे दिली, त्या दिवशी संध्याकाळी सोनीबाईंचा फोन आला.

"ताई, सांगू का नगं आसं झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "राईत येक बाई बसल्याली आसती. लांबनंच दिसती, त्वांड वळकू येत न्हाई. मी चिंचंखाली हिरडा ठिवते, तर उचलती. आदी खोकायची लई. आता खोकत न्हाई. नाकात चमकी व्हती, ती बी दिसंना झालीया."

"आणि हिरडा?" मी विचारलं.

"हिरडा बी पडून ऱ्हातो आता. नुसतं येकच बोलती. वृषे, वृषे आसं कायतरी. दिसभर. तुमची कोन हाय का वो ती?"

मी खाली गेले आणि सुदर्शनला सगळं सांगितलं. आम्ही इथं जे घालत होतो, ते तिथून जात होतं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. आई ओट्यावर खोकत होती.

"ती फाइल टाकू नकोस," मी म्हटलं.

"ताई, राईत कोण आहे आपल्याला काय ठाऊक? आपण आत जाऊन पाहिलं, दिसलं कुणी?" त्यानं ओट्याकडे हात केला. "ही आपल्यासमोर आहे. चमकी आली, खोकला आला. एकदा तुझं नाव घेतलं की ती पुरी होईल. तिनं तुला हाक मारायला नको का?"

नको, असं म्हणायला हवं होतं. पण मला ती हाक ऐकायची होती.

मी गप्प बसले. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबला, मग उठून त्याच्या टेबलाकडे गेला.

आज सकाळी मी वर काम करत होते. खिडकीत चिंच हलत होती, जराशी इकडे, जराशी तिकडे. खालून आवाज आला.

"वृषे."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी, चौकटीला हात लावून. माझ्याकडे बघून तिनं पुन्हा हाक मारली. तिचाच आवाज, तोच ओढलेला शेवट, आणि शेवटाला लागून कुकरची शिट्टी.

गॅस बंद होता. शेगडीवर कुकर नव्हता.